डाव्या सीटवर बसणाऱ्यांसाठी

मोटार ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा डावीकडे बसलेल्या सरांच्या पायाखाली. नियमच तसा आहे आणि तो योग्य आहे. पण त्यात एक गोम आहे. अंधेरीत एस. व्ही. रोडवर पुढे बस थांबते, मध्येच रिक्षा आडवी येते, गाडी कशी अलगद हळू होते आणि शिकणाऱ्याला वाटतं, ब्रेक आपणच मारला. खरं तर तो सरांनी मारलेला असतो, तोही बराच आधी, खिडकीबाहेर बघत, फोनवर दुसऱ्या विद्यार्थ्याला उद्याची वेळ देत. सरांच्या पायाला जे कळलं, ते विद्यार्थ्याच्या डोळ्यांना कळलेलंच नसतं.

नियमाप्रमाणे हलक्या वाहनाचं प्रशिक्षण किमान २१ दिवसांचं आणि प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे किमान १० तास. या दहा तासांत क्लच, गिअर, स्टिअरिंग, रिव्हर्स आणि चढावर गाडी उचलणं एवढं कसंबसं बसतं. धोका लांबून ओळखायचा कसा आणि त्याच्याजवळ जायचं कसं, याला वेळ उरत नाही. ते घरच्या गाडीत शिकायचं राहतं. तिथे डावीकडे दुसरा ब्रेक नसतो, तुम्ही असता. बाबा, मावशी, मोठा भाऊ, नाहीतर सोसायटीतले हौशी काका. हा लेख तुमच्यासाठी आहे.

आधी कायद्याचं उरकून घेऊ. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. अंधेरी आणि बोरिवलीकरांचं आरटीओ जवळ आहे, घाटकोपर-मुलुंडकरांना वडाळा गाठावं लागतं. तोवर गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्यावर लाल 'एल' हवा, किमान १८ सेंटीमीटरच्या चौरसात. वहीच्या कागदावर स्केचपेनने काढलेला नव्हे. शेजारी बसणाऱ्याकडे त्या प्रकारच्या वाहनाचा चालू परवाना हवा आणि गाडी थांबवता येईल अशा जागी त्याने बसायला हवं. म्हणजे मागच्या सीटवरून सूचना करणारे आजोबा या हिशेबात धरले जात नाहीत. दोन सीटच्या मध्ये हँडब्रेकची दांडी असेल तर तुमचा हात तिथे सहज पोहोचतो का ते निघण्यापूर्वी बघा. दांडीऐवजी बटण असेल तर चालत्या गाडीत ते ओढून धरल्यावर काय होतं हे गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात वाचून घ्या. आणि एक जादा आरसा घ्या, काचेला चिकटणारा, छोटा. शिकणाऱ्याचा आरसा त्याच्या डोळ्यांसाठी लावलेला असतो. मागून येणारी बाइक त्यात तुम्हाला दिसत नाही.

आता मुद्द्याचं. धोका म्हणजे केवळ गाडीसमोर उडी घेणारा माणूस नव्हे. ज्याच्यामुळे आपल्याला वेग किंवा दिशा बदलावी लागेल, किंवा लागू शकेल, ते सगळं धोक्यात धरायचं. वळण, गल्लीचं तोंड, थांबलेली बस, खड्डा, रंग उडालेला स्पीडब्रेकर, हिरवा होऊन बराच वेळ झालेला सिग्नलसुद्धा. अशा प्रत्येक ठिकाणी जाताना त्याच क्रमाने तीच कामं करायची, ही पद्धत ब्रिटिश पोलिसांच्या ड्रायव्हिंग प्रशिक्षणातून आली. १९५५ साली ती 'रोडक्राफ्ट' या पुस्तकाच्या रूपाने सर्वांना वाचायला मिळाली आणि आजही तिथे तिच्या आधाराने शिकवतात. तिथला क्रम माहिती, जागा, वेग, गिअर आणि मग ॲक्सिलरेटर असा आहे. आपल्या शिकाऊ चालकाच्या तोंडात बसावा म्हणून मी तो असा सांगतो: बघ, आरसा, जागा, वेग, गिअर, चल.

लंडनची पद्धत लालबहादूर शास्त्री मार्गावर कशी चालणार, ही शंका रास्त आहे. पण तिथल्यापेक्षा इथे तिची गरज जास्त. रस्ता शिस्तीचा असेल तर विस्कळीत डोक्याचा चालकही निभावून जातो. एल. बी. एस.वर मेट्रो ४चे पत्रे, डबल पार्किंग, हातगाडी, उलट्या दिशेने येणारी बाइक आणि शाळेची बस एकाच वेळी समोर असतात. तिथे पुढचं काम कोणतं हे ठरवायला थांबलात की उशीर झालाच. क्रम पाठ असला की डोकं फक्त बघायला मोकळं राहतं.

एकच उदाहरण नीट बघू. पुढे बेस्टची बस थांब्यावर उभी आहे आणि तुम्ही ताशी ४०च्या वेगाने येताय. ४० म्हणजे सेकंदाला ११ मीटर, एका सेकंदात चार रिक्षा एकामागे एक उभ्या राहतील एवढं अंतर. धोका दिसल्यावर पाय ब्रेकवर जायला साधारण एक सेकंद लागतो, म्हणजे ११ मीटर तर नुसते बघण्यातच गेले. कोरड्या रस्त्यावर पुढचे आठ-नऊ मीटर थांबण्यात जातात, ओल्या रस्त्यावर पंधराच्या आसपास. म्हणून बस दिसताच 'बघ' सुरू व्हायला हवं, बसच्या शेपटीशी पोचल्यावर नव्हे.

काय बघायचं? बस आत्ताच थांबली आहे की सुटायच्या बेतात आहे. थांब्यावर माणसं चढतायत की रांग संपली. उजवा इंडिकेटर लागला का. उतरलेली माणसं कुठल्या बाजूला चालली आहेत. कारण उतरलेला माणूस बसच्या पुढून रस्ता ओलांडतो, मागून नाही. जुन्या उंच बसच्या खालून पलीकडचे पाय दिसायचे. आताच्या बुटक्या एसी बसखालून ते फारसे दिसत नाहीत, त्यामुळे पाय दिसले नाहीत म्हणजे पलीकडे कोणी नाही असं समजायचं नाही.

मग आरसा. आधी आतला, मग उजव्या बाजूचा, आणि बाजूला सरकणार असलात तर खांद्यावरून एक ओझरती नजर. उपनगरातली बाइक नेमकी त्या कोपऱ्यात असते जो कुठल्याच आरशात येत नाही. इंडिकेटर द्यायचा आणि दिल्यावर पुन्हा आरसा बघायचा. कारण आपल्याकडे इंडिकेटर लागला की मागच्याला वाटतं, हा शिरायच्या आत आपण निघून जाऊ. तेव्हा इंडिकेटर द्यायचाच, पण त्यावर विसंबायचं नाही.

जागा म्हणजे रस्त्यावर गाडी नेमकी कुठे असावी ते. बसच्या बाजूने जायचं तर निदान मीटरभर मोकळं अंतर हवं. समोरून वाहनं येत असतील आणि तेवढं अंतर मिळत नसेल तर बसच्या मागे थांबायचं, पण बसच्या बंपरला नाक लावून नाही. बसचा उजवा आरसा आपल्याला दिसेल इतकं मागे. तो आरसा दिसत नसेल तर आपण बसच्या ड्रायव्हरलाही दिसत नाही, आणि तो गाडी बाहेर काढेल तेव्हा ती आपल्या बॉनेटवरच येईल.

वेग हे चौथं काम, आणि ते ब्रेकचं आहे, क्लचचं नाही. शिकून आलेली बहुतेक मुलं इथेच अडकतात. शाळेत गाडी बंद पडू नये म्हणून 'क्लच-ब्रेक, क्लच-ब्रेक' असं घोकून घेतलेलं असतं, त्यामुळे हळू करायचं म्हटलं की दोन्ही पाय एकदम खाली जातात. क्लच दाबला की इंजिनाची पकड सुटते आणि गाडी मोकळी धावते. जेवढी आवरायला हवी तेवढी आवरत नाही. आधी फक्त ब्रेक. बसच्या शेजारून जाताना १५-२० पुरे. वेग तिथे उतरला की मग क्लच, दुसरा गिअर, एकदाच. ब्रेक आणि गिअर एकत्र उरकायला गेलं की नवख्या माणसाची नजर हमखास गिअरच्या दांडीकडे जाते आणि नेमक्या त्या क्षणी बसच्या पुढून कोणी तरी निघतं. ऑटोमॅटिक गाडीत गिअरचं काम वगळा, बाकी क्रम तोच.

'चल' म्हणजे बसचं नाक ओलांडून पलीकडचा रस्ता रिकामा दिसल्यावर ॲक्सिलरेटर. दिसल्यावर, दिसेल या आशेवर नाही. आणि या क्रमात कुठल्याही पायरीवर 'थांब' असू शकतं, हे शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगा. नाहीतर सहा शब्द म्हणून झाले की गेलंच पाहिजे असं त्याला वाटतं.

या सगळ्यात हॉर्न कुठे, असं तुम्ही विचाराल. आरशानंतर आणि गरज असेल तरच, एकदा, छोटा. आपण इथे आहोत एवढं सांगायला. हॉर्न वाजवून आपण वेग कमी केला असं ज्यांना मनातून वाटतं, अशा लोकांनी ही मुंबई भरली आहे. २०२०च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी एक व्हिडिओ काढला होता: सिग्नलला ८५ डेसिबलच्या वर गोंगाट झाला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू. लोक हसले, व्हिडिओ सगळीकडे फिरला, हॉर्न चालूच आहेत. तुमच्या शिकाऊ चालकाला पहिले काही दिवस हॉर्नविना चालवायला लावा, अर्थात रिकाम्या रस्त्यावर. हॉर्न नाही म्हटल्यावर तो आपोआप लवकर बघायला लागतो.

बसचा सराव झाला की रिक्षा. कुलाब्या-दादरला शिकणाऱ्याला हा विषय जवळजवळ नाहीच, कारण रिक्षा वांद्रे आणि शीवच्या पलीकडे जात नाहीत. आपल्याकडे मात्र अर्धा अभ्यासक्रम रिक्षाचाच. रिक्षा कधी थांबेल हे रिक्षाकडे बघून कळत नाही. फुटपाथकडे बघून कळतं. तिथे कोणाचा हात वर गेला की पुढची रिकामी रिक्षा थांबणार, ती तिसऱ्या लेनमध्ये असली तरी. रिक्षा वळणार का हे तिच्या पुढच्या चाकाकडे बघून कळतं. चाक आधी वळतं, बाकीची रिक्षा नंतर. ड्रायव्हरचं डोकं बाहेर आलं किंवा पाय बाहेर निघाला तर तोच इंडिकेटर समजायचा. शेअर रिक्षा स्टेशनजवळ हळू झाली की डावीकडून उतरणारा प्रवासी सुटे पैसे मोजत उतरतो, रस्त्याकडे बघत नाही. हे सगळं 'बघ'मध्ये येतं, आणि ते शिकायला स्टिअरिंग हातात असायची गरज नाही. शिकणारी मुलगी रोज रिक्षाने स्टेशनला जात असेल तर तिला सांगा, फोन ठेव आणि पुढे काय होणार ते मनात ओळख. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २००२पासून परवान्यासाठी अशी वेगळी परीक्षाच असते: रस्त्याचे व्हिडिओ बघायचे आणि धोका आकार घेताना दिसताच बटण दाबायचं. आपल्याकडे तो व्हिडिओ घाटकोपर स्टेशनबाहेर दिवसभर फुकट चालू असतो.

मेट्रोचे खांब हा आपल्या रस्त्यांवर गेल्या दहा-बारा वर्षांत आलेला धोका. वर्सोवा-घाटकोपर मेट्रो २०१४ला सुरू झाली, लिंक रोड आणि पश्चिम द्रुतगती महामार्गावरची २०२२ला. खांब रस्त्याच्या मधोमध आहेत आणि एका खांबाआड एक माणूस पुरता झाकला जातो. म्हणून दुभाजकालगतच्या लेनमधून जाताना प्रत्येक फटीकडे लक्ष हवं, आणि फटीत माणूस उभा दिसला तर त्याच्या मागे दुसरा आहे असंच धरायचं. रस्ता ओलांडणारी माणसं जोडीने असतात. पहिला धावला की दुसरा त्याच्यामागे धावतो, तुमच्याकडे न बघता. शिकाऊ चालकाने जमेल तोवर मधल्या लेनमध्ये राहावं. अगदी डावीकडे उभ्या गाड्यांची दारं उघडतात, अगदी उजवीकडे खांब.

महामार्गावर वेगळाच प्रश्न. बोरिवलीहून अंधेरीकडे येताना जोग पुलाच्या तोंडाशी रस्त्याचे दोन रस्ते होतात, एक वर, एक खाली. त्या त्रिकोणी टोकाशी येऊन 'वर की खाली?' असं विचारणारे लोक तुम्ही पाहिले असतील. कदाचित मागे टॅक्सीत बसून तुम्हीच विचारलं असेल. तिथे जागा बदलायला आरसा बघण्याइतका वेळही नसतो. म्हणून पूल लांबून दिसला की लेन ठरवायची आणि एकदा ठरली की बदलायची नाही. चुकली तर चुकू द्या. खाली जायचं होतं आणि वर गेलात तर पार्ल्याला उतरून वळून या. पंधरा मिनिटं जातील. शिकवताना हे मुद्दाम एकदा करून दाखवा, चुकीच्या रस्त्याने शांतपणे जा. बाबांनी आरडाओरडा केला नाही, हे पोराच्या लक्षात राहतं आणि पुढे तो शेवटच्या क्षणी स्टिअरिंग फिरवत नाही.

पावसाळ्यात 'बघ'चा अर्थ बदलतो. पाण्याने भरलेला खड्डा आणि नुसतं पाणी दिसायला एकच. पुढच्या रिक्षाकडे बघायचं. ती जिथे हेलकावली तिथे खड्डा. काचेवर धुकं धरलं की एसीची हवा काचेवर सोडायची, फडक्याने पुसत बसायचं नाही. आणि चारही इंडिकेटर लावून चालवायचं नाही. पाऊस वाढला की आपल्याकडे दिव्यांची ती रोषणाई सुरू होते, पण चारही लागले की डावी-उजवीची खूणच संपते आणि पुढची गाडी उभी आहे की चालते आहे तेही मागच्याला कळत नाही. साधे हेडलाइट लावा, अंतर दुप्पट ठेवा.

अंधेरी सबवे, मिलन सबवे, मालाड सबवे: इथे पाणी साचलं असेल तर क्रम दुसऱ्या पायरीवर संपतो. बघ, आरसा, आणि परत फिर. पुढची गाडी गेली म्हणून आपली जाईल असं नाही. तिचा सायलेन्सर किती उंच आहे हे तुम्हाला माहीत नाही. पाणी किती खोल आहे ते दिसत नसेल किंवा चाकाच्या निम्म्यापर्यंत पोचलं असेल तर आत शिरायचं नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी या शहरात माणसं बंद गाड्यांच्या आत गुदमरून गेली. काच फोडायची छोटी हातोडी हाताशी ठेवा, आणि शिकणाऱ्याला ती कुठे आहे ते माहीत असू द्या. डिकीत असेल तर काही उपयोग नाही.

आरे कॉलनीचा रस्ता सरावाला मोहक वाटतो, झाडं आहेत, सिग्नल नाहीत. दिवसा, गर्दी नसताना ठीक. रात्री नको. दिवे नसलेली बाइक, रस्त्यावर बसलेली कुत्री, अचानक येणारे स्पीडब्रेकर, आणि हो, बिबट्याही. त्यापेक्षा सुरुवात रविवारी सकाळी अंधेरी एमआयडीसीत करा, कारखाने बंद असतात. बोरिवलीत चिकूवाडी किंवा आय. सी. कॉलनी, घाटकोपरला गरोडिया नगर, मुलुंडला कॉलनीतले आतले रस्ते. तिथे गल्ल्यांची तोंडं भरपूर आहेत, आणि गल्लीचं तोंड हा शिकायला सगळ्यात चांगला धोका, कारण तो दर शंभर पावलांवर पुन्हा येतो. त्यानंतर एस. व्ही. रोड किंवा एल. बी. एस., दुपारी. महामार्ग सगळ्यात शेवटी.

आता तुमच्याबद्दल. डाव्या सीटवरून सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारा शब्द म्हणजे 'सावकाश!' आणि तो सगळ्यात निरुपयोगी. शिकणाऱ्याला कळत नाही की काय दिसलं म्हणून सावकाश. तो ब्रेकवर उभा राहतो आणि मागचा येऊन धडकतो. त्याऐवजी वस्तूचं नाव घ्या आणि क्रमातलं पुढचं काम सांगा: 'डावीकडे टेम्पो, आरसा.' 'पुढे शाळा, वेग.' दोन शब्द पुरतात. काही दिवसांनी हे उलटं करा. तुम्ही गप्प, आणि तोच मोठ्याने बोलत चालवेल: 'बस थांबली, आरसा, मागे बाइक, थोडा उजवीकडे, वीसवर आलो, दुसरा, माणूस उतरला, थांबतो.' पहिल्यांदा लाज वाटते आणि बोलता बोलता गाडी बंद पडते. पडू द्या. बोलणं जिथे तुटतं तिथे त्याचं बघणं तुटलं आहे, एवढं तुम्हाला कळतं. दुसऱ्या कुठल्याही मार्गाने ते कळत नाही.

स्टिअरिंगला हात घालू नका, अगदी नाइलाज झाल्याखेरीज. 'अरे अरे अरे' म्हणू नका. मागे पाहुण्यांना बसवू नका. नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला शिकवावं का, यावर माझं मत विचाराल तर शक्यतो नको; बहिणीला, मित्राला, कोणालाही सांगा, पण घरातलं भांडण गाडीत आणू नका.

आणि अर्ध्या तासाहून जास्त एका वेळी नको. नव्या माणसाचे डोळे तेवढ्यात थकतात, मग तो बघतो पण त्याला दिसत नाही. गाडी बाजूला लावून, इंजिन बंद करून एकच प्रश्न विचारा: मी सांगायच्या आधी तुला काय काय दिसलं? तो दोन-तीन गोष्टी सांगेल, त्यातली एखादी तुम्हालाही दिसलेली नसेल. उत्तर 'काही नाही' असं आलं तर उद्या त्याच रस्त्याने, त्याच वेळी पुन्हा जा. नवा रस्ता नंतर.